गणपती झाल्यावर बघू

चिंचपोकळी,
२६ जून २०२५

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मला काय भावाने पडलं ते आधी सांगतो. पाकीट पाच रुपयांचं, ते सोड. पण लिहायला बसण्यात तीन दुपारी गेल्या. त्यातल्या एका दुपारी एका पंपाची मोटर मी चुकीच्या तारेने भरली आणि सगळी पुन्हा उकलली. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. वर तुझ्या आईचा टोमणा: "चिंचपोकळीसून फणसवाडीत पत्र? चलत गेलात तर तासाभरात पोचशात." पोचेन गं. दार कोण उघडेल?

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर तू बंद केलायस हे धनेश बोलत नाही, पण "ताई बिझी असेल" हे तो ज्या आवाजात म्हणतो त्यावरून मला कळलं. माझे कान तुला माहीत आहेत. गाळ्याबाहेर टेम्पोत मोटर सुरू करून दाखव, मी आतूनच सांगतो कॉइल जळलीय की बेअरिंग गेलंय. शिकलो कुठे? लोकांचे पंखे मोडून. पहिल्या दोन वर्षांत दुरुस्त कमी केले, मोडले जास्त.

असो. काम सांगतो. तुझ्या वहिनीला, अक्षदाला, दिवस गेलेत हे तुला धनेशने सांगितलं असेल. सहावा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण नायगावची त्यांची बीडीडी चाळ पाडलीय आणि तिचे आईवडील भाड्याच्या एका खोलीत आहेत. म्हणून ती इथेच राहणार. परळच्या डॉ. राजलक्ष्मीबाईंनी तिला फ्लूची लस घ्यायला सांगितलंय. ती घेत नाही. धनेशने समजावलं, मी समजावलं. मान हलवते, डॉक्टरांच्या कागदाची घडी करते आणि बांगड्यांच्या डब्यात ठेवून देते.

तू तिला एक फोन कर. तू सांगितलंस तर ऐकेल. या विषयातलं तुझ्याएवढं आपल्या घरात कोणाला कळतं? ती का घाबरते कोण जाणे. चाळीत बायका काहीबाही बोलत असतात, तू जाणतेस.

तुझ्या मनूचा फोटो धनेशच्या मोबाइलवर पाहिला. दोन वर्षांचा होईल आता. कान माझ्यावर गेलेत. जावईबापू सिद्धार्थरावांना नमस्कार.

तुझा
अप्पा


चिंचपोकळी,
९ जुलै २०२५

चि. मेघना हिस आशीर्वाद.

पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, म्हणजे नक्की पोचलं.

काल धनेशची विमानतळावर ड्यूटी होती, म्हणून अक्षदाबरोबर दवाखान्यात मी गेलो. डॉक्टरबाई माटुंग्याच्या, मूळच्या तमिळ, पण मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. मी गिऱ्हाइकासारखे सगळे प्रश्न विचारले. सुईने आजारच झाला तर? म्हणाल्या, "होत नाही. यातला विषाणू मेलेला असतो. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल, बस." मग न घेतली तर? म्हणाल्या, गरोदर बाईला फ्लू झाला तर तो साध्या सर्दीसारखा वागत नाही. पोट वर दाबतं, श्वासाला जागा कमी, आजार छातीत उतरायला वेळ लागत नाही. आणि आईने घेतली की बाळालाही तिच्याकडून थोडं कवच मिळतं. बाळाला स्वतःला सहा महिने होईपर्यंत ती देता येत नाही.

मग त्यांनीच मला विचारलं, "तुमच्याकडे गणपतीत किती माणसं येतात?"

"लालबाग-चिंचपोकळीत? मोजायची पद्धत नाही, मॅडम."

"मग गणपतीच्या दोन आठवडे आधी तरी घ्यायला हवी. अंगात तयारी व्हायला तेवढा वेळ लागतो."

गणपती सत्तावीस ऑगस्टला. हिशेब मला कळला. पण अक्षदा पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "मॅडम, माझ्या नणंदेला हीच सुई बाधली होती. आयसीयूत होत्या त्या. बाळ दोन महिने आधी झालं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांनी कितव्या महिन्यात घेतली होती?"

अक्षदाने माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं. पंखा वाजत होता. मी म्हणालो, "मॅडम, याच्या बेअरिंगला तेल हवंय."

घरी येताना सगळा रस्ता ती दुसरंच काहीतरी बोलत राहिली. तिला वाटलं असेल, जुनी गोष्ट निघाली म्हणून मला वाईट वाटलं.

हे बघ, ही गोष्ट चाळीत कशी पसरली ते उकरून आता काय मिळणार? गणपतीचे दिवस होते, कोण कोणाला काय बोललं, कुठे लक्ष असतं. तुझी लस घ्यायची राहून गेली, एवढं खरं. राहून गेली. तू फक्त तिला फोन कर आणि सांग, "मी घेतलीच नव्हती." माझ्या सांगण्यापेक्षा तुझ्या सांगण्याला वजन आहे.

तुझा
अप्पा


चिंचपोकळी,
२१ जुलै २०२५

चि. मेघना,

तुझं कार्ड आलं. एक ओळ. "तुम्ही बोललात, अप्पा. तुम्हीच सांगा." खाली सहीसुद्धा नाही.

तुझ्या आईला वाचून दाखवलं. भाजी निवडत होती. मान वर न करता लेकीच्या कौतुकाने म्हणाली, "बरा लिवल्यान माझ्या चेडवान." आणि कार्ड माझ्या हातातून घेऊन देव्हाऱ्यात ठेवलं. दोन वर्षांत तुझ्याकडून घरात आलेली ती पहिली वस्तू.

मागच्या पत्रात मी "राहून गेली" असं लिहिलं. दोनदा लिहिलं. तू ते वाचून काय म्हणाली असशील ते मी इथे बसून ऐकू शकतो. आता नीट लिहितो.

तू दोन हजार तेवीसच्या ऑगस्टअखेरीला आलीस, सातव्या महिन्यात. पर्समध्ये गिरगावच्या डॉक्टरांचा कागद होता. म्हणालीस, "अप्पा, एवढी लस राहिलीय. परळला घेऊ. माझ्याबरोबर चला." मी मोटरींच्या ढिगात बसलो होतो. सहा मंडळांचे हलते देखावे अंगावर घेतलेले. कोणाचा राक्षस मान फिरवत नव्हता, कोणाची गाय शेपूट हलवत नव्हती. मी म्हटलं, "गणपती झाल्यावर बघू." आपल्याकडे सगळंच गणपती झाल्यावर असतं. लग्नाची बोलणी, मोतीबिंदू, कोर्टातली तारीख. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पोटातलं बाळ गणपतीसाठी थांबत नसतं, हे त्या वेळी मनात आलं नाही. तू दुसऱ्यांदा विचारलंस, मी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस.

मग तुझा खोकला सुरू झाला. मी पोटमाळ्यावरून तुझ्या आईला ओरडून सांगितलं, "कोरडं बेअरिंग आहे. अडुळशाचा काढा दे, थांबेल." मोटरीचा आवाज कळतो म्हणून माणसाच्या छातीचाही कळेल, असं मला कुठल्या तोंडाने वाटलं? तू तापाने फणफणत होतीस आणि मी देखाव्याच्या उद्घाटनाला नारळ हातात घेऊन उभा. गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी तुला श्वास पुरेना. चौथ्या दिवशी मनू झाला. दीड किलोचा. तो काचेच्या पेटीत आणि तू दुसऱ्या मजल्यावर नळ्यांत.

मी तुझ्यासाठी गाऊन घ्यायला घरी आलो होतो. शेजारच्या गोदूकाकी दारात उभ्या. "काय रे शिवा, पोरीला एकाएकी एवढं काय झालं?" खाली मांडवात माझा राक्षस मान फिरवत होता, लोक टाळ्या वाजवत होते. तेवढ्या टाळ्यांत मला खरं बोलता आलं नाही. मी म्हणालो, "डॉक्टरने कसली सुई दिली, ती बाधली."

सहा शब्द. मी जिना उतरेपर्यंत ते तळमजल्यावर पोचले होते.

तू आयसीयूतून बाहेर आलीस त्या दिवशी गोदूकाकी तुला भेटायला आल्या आणि तुझ्याच उशाशी बसून, तुला कसली सुई बाधली ते तुलाच सांगून गेल्या. मी पायाशी उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस. मी तेव्हाही बोललो नाही. तू तिथून सिद्धार्थरावांबरोबर थेट फणसवाडीला गेलीस, मनूचं बारसं तिकडेच केलंस आणि मला बोलावलं नाहीस. त्यावर मी काय केलं? रागावलो. लोकांना सांगितलं, मोठ्या घरात दिली, बापाला विसरली. हेही तुझ्या कानावर आलं असेलच.

आता तेच सहा शब्द अक्षदाच्या पोटाभोवती तारेसारखे गुंडाळले गेलेत. आणि ती तार उकलायला मी तुला बोलावत होतो.

सांगेन मी तिला. कसं ते बघतो. पण गणपती झाल्यावर नाही.

अप्पा


चिंचपोकळी,
५ ऑगस्ट २०२५

चि. मेघना हिस आशीर्वाद.

आधी कबुली देतो. मागचं पत्र टाकल्यावर बारा दिवस मी काहीच बोललो नाही. एकदा सुरुवात केली, "अक्षदा, तुला एक सांगायचंय," आणि तिने एवढ्या विश्वासाने बघितलं की मी म्हणालो, "मिक्सर जपून वापर, ब्रश झिजलेत."

परवा रविवारी तिचं डोहाळजेवण झालं. चाळीतल्या पोरींनी चंद्राची सजावट केली होती. चंद्र हलता हवा, असा हट्ट. तो मी केला: शिवणयंत्राची मोटर, सायकलची चेन, चंद्रकोर इकडून तिकडे डोलते, तिच्यात अक्षदा बसलेली. पुरुषांना बाहेर घालवलं होतं, पण रेग्युलेटरवर कोणीतरी हवं, म्हणून मला पडद्यामागे स्टुलावर बसवलं. सोळा-सतरा बायका. त्या मला विसरल्या. मी सगळं ऐकत होतो.

गोदूकाकी ओटी भरायला उठल्या. आवाज तुला माहीत आहे, मांडवाला माइक लागत नाही. "खा, पी, मजा कर पोरी. पण ती सुई तेवढी घेऊ नको हां. मेघनाचं काय झालं ते आम्ही या डोळ्यांनी पाहिलंय."

कोणीतरी म्हणालं, "हो ना गं बाई. तेही गणपतीतच."

आणि अक्षदा म्हणाली, "नाही घेणार, काकी. ठरवलंय मी. उद्या डॉक्टरांना सांगूनच टाकते."

मेघना, तिचा आवाज चांगला घट्ट होता. घाबरलेल्या माणसाचा निर्णय झाला की आवाज तसा होतो. अजून एक दिवस गेला असता तर तिने कोणाचंच ऐकलं नसतं.

मी बटण बंद केलं. चंद्र मध्येच थांबला.

"लाइट गेली काय?"

तुझी आई म्हणाली, "लाइट नाय गेली. तेंका कायतरी बोलूचा असा." तिला कसं कळलं, तीच जाणे.

मी पडदा बाजूला करून आलो. पोरी खिदळल्या. गोदूकाकी म्हणाल्या, "शिवा, मेल्या, बायकांत काय घुसतोस? लाज आहे का?"

"आज थोडी आणलीय, काकी," मी म्हणालो. "मेघनाने सुई घेतलीच नव्हती. तिला घ्यायची होती. मला दोनदा म्हणाली. मी म्हटलं गणपती झाल्यावर बघू. घेतली असती तरी एखादेवेळी ताप आला असता, पण आयसीयूपर्यंत जायची शक्यता पुष्कळ कमी होती, असं डॉक्टर म्हणतात. सुई बाधली हे मी तुम्हाला खोटं सांगितलं. माझी चूक झाकायला."

काकींच्या हातात ओटीचा नारळ तसाच.

"म्हणजे दोन वर्षं मी तुझं खोटं वाटत फिरले?"

"हो, काकी."

"अरे, या चाळीतल्या तीन पोरींना मी नको म्हणून सांगितलंय! दोघी देवाच्या कृपेने सुखरूप सुटल्या. तिसरी ही बघ." बोट श्रेयाकडे. दुसऱ्या मजल्यावरची, पाचवा महिना. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझं खोटं फक्त आपल्या घरात नांदतंय.

काकींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "जा, तुझा चंद्र चालू कर. पोरगी खोळंबलीय. तुला मी नंतर बघते."

अक्षदा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. काल सकाळी माझ्यापुढे चहा ठेवला आणि उभीच राहिली. "अप्पा, तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात आलात आणि पंख्याकडे बघत बसलात. मला खूप राग आलाय."

"यायलाच हवा."

"मेघनाताईंना किती आला असेल?"

तिने कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "गुरुवारची वेळ घेतलीय मी. श्रेया पण येते म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, घरातल्यांनी पण घेतली तर चांगलं, बाळ आल्यावर खोकणारं माणूस घरात नको. तुम्ही आधी घ्यायची. आमच्यासमोर."

हात्तिच्या! एवढंच ना? चारशे चाळीसचे झटके खाऊन उभा राहिलेला माणूस मी. एकदा करवतीने अंगठा कापला तर त्याच हाताने मोटर पुरी करून दिली. केसाएवढ्या सुईचं काय घेऊन बसलीस? बघ तू, आधी मीच बसणार, बाही वर करून, हसत हसत. पोरींना दाखवतो सुई कशी घ्यायची असते.

तुझा
अप्पा


चिंचपोकळी,
८ ऑगस्ट २०२५

चि. मेघना हिस अनेक आशीर्वाद.

उद्या राखी. धनेश तुझ्याकडे येईल, त्याच्या हाती हे देतो. पोस्टाने गेलं तर तीन दिवस लागतील आणि तेवढ्यात एक गोष्ट पक्की होऊन बसेल.

डोहाळजेवणाचं तुला धनेशने कळवलं असणार; काल दवाखान्यात अक्षदाला तुझा फोन आला. दहा मिनिटं बोललात. तू तिला काय सांगितलंस ते मी ऐकलं नाही. ऐकण्यासारख्या स्थितीत नव्हतो, कारण पुढे येईल. पण ती एकदा हसली आणि एकदा डोळे पुसले, एवढं दिसलं. नंतर तिने निरोप दिला की मनूला हलणारा हत्ती बघायचाय, तू त्याला गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत घेऊन येणार आहेस. तुझ्या आईने ते ऐकलं आणि घरातली पितळेची भांडी घासायला काढली. अजून घासतेच आहे.

यंदा मी हत्ती नव्हतो करणार. आता करतोय. सोंड आणि दोन्ही कान हलतील. आवाज अजिबात येणार नाही, लहान पोरं घाबरतात.

माझा नंबर अजून बंद ठेवलास तरी चालेल. मनात येईल तेव्हा उघड. पत्रांची मला सवय झालीय.

अक्षदाचा दंड थोडा दुखतोय, ताप नाही. सकाळी नेहमीसारखी दादरला कामावर गेली. श्रेयाला काल संध्याकाळी जरा कणकण होती, आज ठीक आहे. गोदूकाकी तिच्याकडे स्वतः पेज घेऊन गेल्या. वाटेत माझ्या गाळ्यात डोकावून म्हणाल्या, "तुला नाही देणार."

आता ती गोष्ट. अक्षदा तुला फोनवर म्हणाली, "अप्पांनी आधी घेतली, अगदी हसत." पोरीचं मन मोठं आहे, तिने मला सांभाळून घेतलं. गोदूकाकींनी ते तिच्याकडून ऐकलं आणि आज सकाळपासून चाळीत सांगत सुटल्यात. या वेळी मी गप्प बसणार नाही. त्यांना सांगून आलो, आता तुला लिहितो.

अक्षदाने आधी घेतली. मग श्रेयाने. अक्षदाच्या दंडात सुई जाताना मी पाहिली आणि खुर्चीवरून खाली आलो. माझी लस मला वीस मिनिटांनी दिली, बाकावर आडवं निजवून, पायाखाली उशी घालून.

तुझा
अप्पा